रिकाम्या गाडीचं वजन

याकोबभाऊंनी मला थांबवलं. हे आधीच लिहून ठेवते. पुढं लिहिताना मी पाळकसाहेबांवर, मंडळीवर आणि स्वतःवर घसरणार, आणि ज्याचं नाव घ्यायला बसले तेच राहून जायचं. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. माझं लिहिणं पदराला गाठ मारून लक्षात ठेवल्यासारखं असतं. तर पहिली गाठ ही: याकोबभाऊ, कोळसा खाणीच्या वजनकाट्यावरचे निवृत्त बाबू, मला कुठल्याच नात्यानं काही न लागणारे.

माझं गाव नगरकडचं. भद्रावतीच्या पुढं खाणीच्या वसाहतीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण हवी आहे असं कळलं, आणि आले. वसतिगृह मंडळीचं, म्हणजे चर्चचं, मंडळी पाळकसाहेबांची, म्हणजे हिशेबानं पोळपाट-लाटणंसुद्धा पाळकसाहेबांचं. सुरुवातीला इथलं ‘मले-तुले’ ऐकून मला हसू यायचं आणि कणीक मळताना रडू यायचं. गाव एवढं लांब की आईच्या हातची भाकरी आठवली तरी दोन गाड्या बदलाव्या लागतील असं वाटायचं.

याकोबभाऊंना सगळे काटाबाबू म्हणत. खाणीतला ट्रक आधी रिकामा काट्यावर चढतो, मग भरून चढतो. दुसऱ्या वजनातून पहिलं वजा केलं की उरतो तो कोळसा. भाऊंनी सारी नोकरी ही एकच वजाबाकी केली. कोण कसा फसवतो हे त्यांना वासावरून कळे. वरून काळा कुळकुळीत कोळसा, खाली दगडमाती, आणि सगळ्यावर पाण्याचा फवारा, कारण ओला कोळसा जास्त भरतो. नोकरी संपली, काटा सुटला, पण सवय सुटली नाही. रविवारी उपासनेला येताना शर्टाच्या खिशात जुन्या पावत्यांचा गठ्ठा असे. पुढच्या बाजूला ट्रकचा नंबर, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ते उपदेशाचं वजन करत.

शनिवारी दुपारी मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून ते दुसऱ्या दिवशीचा शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, उतारा तीनदा वाचत. रविवारी शास्त्रपाठ सुरू झाला की उभे राहत. गुडघा गेलेला होता, पण बाकाला धरून, दात आवळून, शेवटच्या ओळीपर्यंत उभे. बाकी आम्ही बसूनच असायचो. एकदा मी विचारलं, “भाऊ, एवढा त्रास कशाला?”

“मोठा साहेब काट्यावर आला तं उठत होतो ना मी? मंग हे कोणाचं बोलणं होय?”

वाचन संपलं की बसत आणि कानामागची पेन्सिल काढत. “कोणी वचन वाचते तवा मी नोकर,” ते म्हणत. “कोणी समजावून सांगते तवा मी बाबू.”

पण आमच्या मंडळीत उपदेशाच्या वेळी पेन्सिल काढणं म्हणजे चाकू काढल्यासारखं होतं. पाळकसाहेबांचा आवाज असा, की वसाहतीतल्या गाई थांबून ऐकत. माणसं जेमतेम चाळीस, खोली एवढीशी, तरी साहेबांना माइक लागे. “हे मी बोलत नाही!” ते ओरडत. “माझ्या तोंडून तो बोलतो!” मग तो, साहेबांच्या तोंडून, केरळच्या सहलीबद्दल बोले. जावयाच्या बढतीबद्दल बोले. मंडळीतल्या काही बहिणी भांडी वेळेवर परत करत नाहीत, याबद्दलही बोले.

ऐकणारे आम्ही तरी काय लायकीचे! प्रत्येक जण दुसऱ्यासाठी ऐकत होता. गर्वावर उपदेश झाला की दारूगोळा कारखान्यातली मंडळी खाणवाल्यांकडं बघत आणि खाणवाले कारखान्याकडं. चहाडीवर झाला की बाहेर आल्याबरोबर, “बरं झालं तिले सांगतलं,” असं म्हणत चहाडी सुरू होई. मी स्वतः क्षमेवरचा उपदेश ऐकून तीन जणींची यादी केली होती, ज्यांनी माझी क्षमा मागायला हवी.

आणि सायमनभाऊ. ते पहिल्या बाकावर बसून ‘आमेन’, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणत. वाक्य संपलं की आमेन, साहेबांनी श्वास घेतला की आमेन. एकदा साहेबांनी जाहीर केलं, “बाहेरून कोणाची तरी नवी चप्पल गेलेली आहे.” सायमनभाऊ डोळे मिटून म्हणाले, “आमेन!” आणि सवयीनं सगळी मंडळी म्हणाली, “आमेन!” चप्पल अर्थातच मिळाली नाही.

याकोबभाऊ आमेन एकदाच म्हणत, शेवटी, तेही वजन झाल्यावर. एक पावती चुकून त्यांच्या शास्त्रातून पडली, ती मी उचलून देताना वाचली. लिहिलं होतं: ‘पाऊण तास. गाडी: घसा, घाम, केरळ, जावई. ओलं: दोनदा रडले. दगड: एक. माल: ओंजळभर. चोख.’

मी विचारलंच, देवाच्या माणसाचं असं वजन करायचं? पाप नाही का?

“पोरी,” ते म्हणाले, “मालाले मान द्यायचा हाय म्हणूनच वजन करतो. गोटे बी कोळसा म्हणून घेतले तं कोळशाची काय इज्जत राह्यली? अन् ओंजळभर काही कमी नसते. चूल पेटते तेवढ्यात.”

पावत्या ते कुणाला दाखवत नसत. पाळकसाहेबांबद्दल पाठीमागं कुणी बोलायला लागलं की उठून जात. “ड्रायव्हर दमून येते, त्याले चहा द्या,” एवढंच म्हणत. आणि खरोखर उपासनेनंतर साहेबांना पहिला कप तेच नेऊन देत.

सोमवारी मात्र त्यांची फेरी असे. काठी टेकत घरोघर जात आणि एकच प्रश्न विचारत, “काल काय उतरवलं?” कारण त्यांचं म्हणणं असं, की काट्यावरून उतरलेली गाडी कुठंतरी रिकामी व्हायला हवी; नुसती पावती फाडून कुणाची भट्टी पेटत नाही. लोक त्यांना पाहून मागच्या दारानं सटकत. आमच्या शेजारच्या तारामावशी एकदा दळण निवडताना सापडल्या.

“कालचा उपदेश कसा होता, बाई?”

“एक नंबर! मस्त झाला भाऊ!”

“कायच्यावर होता?”

“प्रेमावर ना!”

“काय सांगतलं मंग?”

“हेच, का सर्वांवर प्रेम करा.”

“मंग केलं?”

“कालच तं सांगतलं भाऊ! थोडा तं टाइम द्या माणसाले!”

याकोबभाऊ हसले नाहीत. “बरं, पुढच्या सोमवारी येतो,” म्हणाले, आणि खरंच आले. तारामावशींनी चौथ्या सोमवारी सासूला दवाखान्यात नेलं, ते केवळ या माणसाची कटकट मिटावी म्हणून. सासूला काय, ती दवाखान्यात पोचली.

असा माणूस सोबतीला चांगला, असं वाचताना वाटेल. जवळ राहायला अवघड होता. मी तर त्यांना थोडं ढोंगीही समजत होते: सगळ्यांची वजनं करणाऱ्याचं वजन कोण करतो?

मग सिरोंच्याकडचा एक मुलगा उपदेशाला आला. धर्मशिक्षण घेणारा, मिसरूड न फुटलेला, मराठीत तेलुगूचा हेल. पाळकसाहेब बाहेरगावी होते म्हणून त्याला उभं केलेलं. दहा मिनिटांत उरकलं बिचाऱ्यानं. एवढंच सांगितलं, की देवाला अर्पण द्यायला गेलास आणि तिथं आठवलं की भाऊ तुझ्यावर रुसलाय, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडं जा. विनोद नाही, रडणं नाही. सायमनभाऊंना आमेन म्हणायला जागाच सापडली नाही. बाहेर येऊन सगळे म्हणाले, “काही दम नाही पोराच्यात.”

मी याकोबभाऊंकडं पाहिलं. पावती कोरी होती. पेन्सिल कानामागंच होती.

त्या सोमवारी ते फेरीला आले नाहीत. पुढच्याही आले नाहीत. तिसऱ्या सोमवारी मीच त्यांच्या दारात गेले. मोहाखाली बसले होते. मला कुठून धीर आला कोण जाणे, विचारलं, “भाऊ, तुम्ही काय उतरवलं?”

कान लाल झाले त्यांचे. म्हणाले, “गाडी उभी हाये.”

मग सांगितलं. एटापल्लीकडच्या गावात त्यांचा धाकटा भाऊ होता. दोघांच्या बांधावर एक मोहाचं झाड. फुलं कुणाच्या बाजूला पडली, कुणी वेचली, यावरून जावाजावांत लागलं, मग भावाभावांत. किती वर्षं बोलणं नाही, हेही दोघं विसरले होते. फक्त बोलायचं नाही एवढं लक्षात होतं.

“मोठा मी,” ते म्हणाले. “चूक त्याची.”

“दगड असेल मग उपदेशात,” मी म्हटलं.

“तोच तं वांधा हाये!” ते कळवळून ओरडले. “तीन हप्ते झाले, दगड पाहून राह्यलो. एक नाई सापडला. पुरा माल हाये पोरी, पुरा. ड्रायव्हर एवढुसा, अन् गाडी फुल.” मग खाली बघत म्हणाले, “भरेल कोळसा उभा ठेवला का काय होते, माहीत हाये? आतून पेटते. बाहेरून दिसत नाई, पण हात लावून पाहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. चार दिवसांनी परत आले ते वाळलेल्या मोहफुलांची पिशवी घेऊन. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. पिशवी मात्र सगळ्या वसाहतीत वाटली, तारामावशींच्या सासूपर्यंत. सिरोंच्याच्या त्या मुलाला पत्र घातलं, त्यात एकच ओळ: ‘माल पोचला.’

आता माझी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

मी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. बाहेरून दहावीला बसणार होते. वसतिगृहातल्या मुली संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला इतिहास-भूगोल सांगत. गणित भाऊ शिकवत. पण त्यांना फक्त वजाबाकी यायची. “तेवढी आली तं बहुतेक दुनिया समजते,” म्हणत. परीक्षा मार्चमध्ये होती. जगात मला स्वतःची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

त्याच थंडीत मंडळीनं एटापल्लीपलीकडं, सूरजागडच्या बाजूला नवं प्रार्थनागृह उघडलं. तिथं प्रचारक होता, पेटी होती, तबला होता. स्वयंपाकीण नव्हती. आणि एका रविवारी पाळकसाहेबांनी देवाच्या सांगण्यावरून घरदार सोडून निघालेल्या शास्त्रातल्या एका म्हाताऱ्याचा उतारा घेतला, माइक तोंडाशी धरला आणि माझ्याकडं बोट केलं.

“देवानं मला दाखवलंय! ही आपली बहीण! फेब्रुवारीत हिला निघायचंय! शाळेच्या पुस्तकांनी कुणी स्वर्गात गेलं नाही!”

“आमेन!” सायमनभाऊ म्हणाले. “आमेन!” चाळीस गळे म्हणाले. त्यात माझाही एक होता. तोंडातून गेला तेव्हा कळलं, की मी स्वतःलाच पाठवून दिलं. पुढच्या रविवारी पाठवणीची प्रार्थना ठरली.

सोमवारी भाऊ वसतिगृहाच्या मागच्या दाराशी आले. मी पत्र्याची पेटी भरत होते.

“काल काय उतरवलं, पोरी?”

“उतरवायचं काय भाऊ? मलाच गाडीत चढवलंय.”

“कोणं?”

“देवानं.”

“तुले बोलला?”

“पाळकसाहेबांना बोलला.”

ते उंबऱ्यावर बसले. “तुह्या नावाची चिठ्ठी त्याइच्या घरी काऊन पडली?”

मला रडू फुटलं. मी म्हटलं, “असं बोलू नका. ते व्यासपीठावरून बोललेत. नाही म्हटलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं होईल. आणि भांडी-बिछाना सगळं त्यांच्याच छपराखाली. तुम्हीच सांगा, जाऊ की नको? तुम्ही म्हणाल तसं करते.”

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. “एका ड्रायव्हरच्या गाडीतून उतराचं अन् दुसऱ्याच्या गाडीत बसाचं, हेच शिकली काय? मी सांगन त्याचं बी वजन कर! उतारा कहाड. वाच.”

मी बोट ठेवून वाचायला लागले. अडखळत, एकेक शब्द सोडवत. तो आठवडाभर रोज दुपारी भांडी झाल्यावर तेच पान. ते समोर बसून राहत. अर्थ सांगत नसत. चौथ्या दिवशी मी थांबले.

“भाऊ, देव त्या म्हाताऱ्याशी स्वतः बोललाय.”

“हं.”

“शेजाऱ्याकडून निरोप नाही धाडला.”

“हं.”

“पण भाऊ,” मी विचारलं, “खरंच बोलावलं असेल तर? मला परीक्षेसाठी ऐकू येत नसेल तर?”

त्यांनी मान हलवली. हा प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. “मंग जाशील. त्यानं बलावलं तं तुह्यी पेटी मीच उचलन. वचनाले नाई म्हणाचं नसते, पोरी. पण बलावणारा कोण, हे पाह्यल्याबिगर गाडी हलत नाई. पाळकसाहेबाइले विचार. पाठीमागं नाई. तोंडावर, सलाम करून.”

रविवार आला. साहेबांनी मला पुढं बोलावलं. माइक माझ्यापुढं धरला. “बहीण, देवाच्या हाकेला तू तयार आहेस ना?”

मी याकोबभाऊंकडं पाहिलं, तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. माझ्याकडं मुद्दाम बघत नव्हते. मी सलाम केला.

“साहेब, देवानं मला बोलावलं तर मी जाईन,” मी म्हटलं. माइकमुळं माझाच आवाज भिंतीवर आपटून परत आला. “पण तो अजून माझ्याशी बोललेला नाही. मी रोज वाचतेय, वाट बघतेय. बोलला की कळवते. तोवर मी इथंच राहते आणि परीक्षा देते.”

साहेबांनी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात वाक्य संपलेलं ऐकून सायमनभाऊ, डोळे मिटून, सवयीनं, गरजले:

“आमेन!”

“आमेन!” सगळी मंडळी म्हणाली.

मंडळीनं एकदा आमेन म्हटलं की ते परत घेता येत नाही. साहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि भजन सांगितलं.

उपासनेनंतर भाऊ नेहमीसारखा चहाचा कप घेऊन त्यांच्याकडं गेले. मी दाराआड होते. साहेबांनी कप घेतला. मग हळू आवाजात, माइकशिवाय, म्हणाले, “याकोबभाऊ, ती पावती... गेल्या रविवारची. दाखवता?”

भाऊंनी काढून दिली. काय लिहिलं होतं मला माहीत नाही. साहेबांनी वाचली, घडी केली, आपल्या शास्त्रात ठेवली. परत दिली नाही. पुढच्या रविवारी उपदेशातून केरळ गेलं. जावई राहिला, पण सगळं एकदम कुठं सुटतं?

आणि देव? देव मार्चपर्यंत माझ्याशी एटापल्लीबद्दल काही बोलला नाही. मी ऐकत होते, हे खरं सांगते. परीक्षा दिली. सगळ्यात पास झाले, गणितात गेले. वजाबाकीच्या पुढंही गणित असतं, हे भाऊंना पटलं नाही.

त्यानंतर भाऊंचे कान जायला लागले. ज्या माणसाची सारी कमाई ऐकण्यात, त्याचेच कान. तरी शनिवारी वाचत, रविवारी उभे राहत, मग बसून साहेबांच्या हलत्या ओठांकडं बघत राहत. एक दिवस त्यांनी पावत्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल माझ्याकडं सरकवली. “तू कर आता वजन.” मी घाबरले. सातवीतली बाई मी! पण लिहायला लागले. गाडी इतकी, ओलं इतकं, दगड, माल. ते वाचत, आणि मग आमेन म्हणत. बहिऱ्या माणसाचं मोठ्ठं आमेन, सगळ्यांच्या नंतर, एकट्याचं.

या उन्हाळ्यात धाकटा भाऊ त्यांना न्यायला आला. म्हातारपणी दोघं एकाच झाडाखाली राहणार म्हणे. भद्रावतीच्या स्टँडवर मी पोचवायला गेले. दोन भाऊ एका पिशवीवरून वाद घालत होते, कोण उचलणार यावरून. गाडी सुटली तेव्हा याकोबभाऊंनी खिडकीतून मान बाहेर काढली. काहीतरी ओरडले, इंजिनात गेलं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि भरलेली गाडी उलटी करून रिकामी करतात तशी खूण केली, भुवया उंचावून: उतरवलं का?

मी मान हलवली. होय म्हणून नाही, बघते म्हणून.

भाऊ, गणित परत भरलंय. ते सुटलं की मी एटापल्लीला येणार आहे. पाळकसाहेबांनी पाठवलं म्हणून नाही, तुम्ही शिकवलंत म्हणून. तुमच्या गावात जो कोणी उपदेश करत असेल, त्याच्या उपासनेत तुमच्या शेजारी बसेन, शास्त्रपाठाला तुमच्याबरोबर उभी राहीन आणि पावतीच्या मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, सगळं लिहून तुमच्या हातात देईन. पावत्यांची काळजी करू नका. तुम्ही दिलेला अर्धा गठ्ठा अजून माझ्याकडं कोरा आहे. तो जपून ठेवलाय.